ताआलची बालिसोंग: हायवेवर नको, भट्टीपाशी घ्या

फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातली बालिसोंग, म्हणजे दोन मुठींची मिटणारी सुरी, घ्यायची असेल तर आधीच सांगून ठेवते. हायवेच्या कडेला काचेच्या कपाटात जी सगळ्यात जास्त चमकते ती घेऊ नका. त्याच दुकानाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये, अजून नीट पुसलीही नसेल, ती बघायला मागा. कितीतरी पट पैसे जातील, पण हातात सुरी येईल. पुढे टांगलेली आहे ती शोभेची वस्तू.

मी मूळची कोल्हापूरची. शिरोली एमआयडीसीत उमेदवारी केली, आणि सध्या फिलिपिन्समध्ये लागुना प्रांतात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. म्हणजे दिवसभर हातात व्हर्नियर आणि तोंडात ‘रिजेक्ट’. त्यात पितळी अडकित्ते जमवायचं खूळ जुनं, पुण्याच्या केळकर संग्रहालयातले बघून लागलेलं. अशी बाई बालिसोंगच्या गावापासून दोनेक तासांवर राहायला आली तर काय होणार? रविवारी लोक मॉलमध्ये जातात, मी ताआलला जाते. दुकानदार मला आता लांबून ओळखतात आणि ओळखून फारसे खूश होत नाहीत.

ज्यांनी ही सुरी फक्त सिनेमात गरागरा फिरवलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक पातं आणि त्याला दोन मुठी. दोन्ही मुठी पात्याच्या बुडाशी वेगवेगळ्या खिळीवर फिरतात. मिटली की पातं दोन्ही मुठींच्या मध्ये झाकलं जातं. उघडली की त्याच दोन मुठी मागे येऊन एकत्र मिळतात आणि त्यांची एक मूठ होते. शेवटाला एक छोटी कडी. स्प्रिंग नाही, खटका नाही. उघडल्यावर पातं परत बोटांवर मिटण्याची भीती नाही, कारण ते तुमच्याच मुठीने धरून ठेवलेलं असतं. यांत्रिक दृष्टीने इतकी साधी आणि इतकी भक्कम मिटणारी सुरी मी दुसरी पाहिलेली नाही. फिरवण्याची कसरत हे तिचं मुख्य काम नव्हेच. बातांगासच्या जुन्या लोकांच्या खिशात ती दोर कापायला, नारळाच्या झावळ्या सोलायला, कैरी चिरायला असायची. मारामारीत निघायची तीही गोष्ट खरी, आणि त्यामुळेच तिचं नाव खराब झालं.

ताआल हे मनिलाच्या दक्षिणेला, ताआल सरोवराच्या बाजूचं जुनं गाव. सरोवराच्या मध्ये ज्वालामुखी आहे. १७५४च्या उद्रेकानंतर गाव मूळ जागेवरून उठून आत्ताच्या ठिकाणी आलं, आणि जानेवारी २०२० मध्ये तो परत जागा झाला तेव्हा लोकांना घरं सोडून बाहेर काढावं लागलं होतं. या गावाच्या हद्दीत एक बरांगाय आहे, म्हणजे आपल्याकडची वाडी म्हणा, आणि तिचं नावच बालिसोंग. रस्त्याला लागून दुकानांची रांग आहे. गाडी असेल तर लागुनाहून एक्सप्रेसवेने लिपापर्यंत यायचं आणि तिथून आतल्या रस्त्याने. मनिलाहून येणाऱ्यांना लेमेरीची बस आहे. पुढे जीपनी, म्हणजे इथली वडाप, किंवा ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलची रिक्षा. ट्रायसिकलवाल्याला ‘बालिसोंग’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. तो हसतो, कारण परदेशी बाई दुसऱ्या कशासाठी तिथे उतरणार?

आता रस्त्याकडेची दुकानं. सगळीकडे माल जवळपास सारखाच. कपाटात शंभरेक सुऱ्या ओळीने, शेजारी बोलो म्हणजे इथला कोयता, भिंतीवर नक्षीच्या तलवारी, आणि की-चेनला लावायच्या बोटाएवढ्या बालिसोंग. पात्यावर ॲसिडने कोरलेला ड्रॅगन नाहीतर गरुड. अडीचशे-तीनशे पेसोपासून सुरुवात. पेसोला साधारण दीड रुपया धरा. मी एका दुकानात तीनशेवाली घेतली ती मुद्दाम, तपासायला. माझ्याकडे कडकपणा बघायचा फाइलींचा, म्हणजे कानशींचा संच आहे, चाळीस रॉकवेलपासून (हे कडकपणाचं माप) पासष्टपर्यंत. पहिलीच, चाळीसची, पात्यात लोण्यासारखी घुसली. म्हणजे पोलादाला पाणी पाजलेलंच नाही, नुसती पट्टी कापून घासली आहे. मुठींना पितळेचा मुलामा, आत पत्रा. मिटली की पातं एका बाजूला झुकून मुठीला घासत होतं. ज्यांना मित्राच्या टेबलावर ठेवायला आठवण हवी आहे त्यांनी खुशाल घ्यावी, मी नाव ठेवणार नाही. पण दुकानदार म्हणाला, ‘मॅम, धिस वन इज व्हेरी शार्प, फॉर एव्हर.’ तेवढं मात्र सोडून द्या.

तीच गोष्ट इतिहासाची. बालिसोंग आठव्या शतकापासून आहे, योद्धे ती दोन्ही हातांत घेऊन लढायचे, असं प्रत्येक दुकानात कानावर येतं. त्याला आधार कुणी दाखवत नाही. मी ऐकते, मान डोलावते आणि किमतीत धरत नाही. खात्रीचं आहे ते एवढं की विसाव्या शतकात या गावाने ही सुरी पिढ्यान्‌पिढ्या घडवली, क्लार्क आणि सुबिकच्या तळांवर असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती आठवण म्हणून घरी नेली, आणि तिकडे तिचा वेगळाच संसार सुरू झाला. कॅलिफोर्नियात लेस दे आसिस यांनी बाली-सोंग नावानेच कंपनी काढली, पुढे त्यातूनच बेंचमेड ही सुऱ्यांची कंपनी उभी राहिली. तिच्या चिन्हावरचं फुलपाखरू या ‘बटरफ्लाय’ सुरीचंच आहे.

खरा माल मागे मिळतो. काही दुकानांना स्वतःची शेड आहे, काही जण गल्लीतल्या कारागिराकडून बनवून घेतात. विचारायची पद्धत अशी: काउंटरवरच्या ताईला ‘आते’ म्हणायचं, कारागिराला ‘कुया’, म्हणजे दादा, आणि प्रत्येक वाक्याला ‘पो’ जोडायचा. आपल्याकडे ‘अहो-जाहो’ने जे होतं ते इथे या ‘पो’ने होतं. ‘कुया, पंदाय कुठे बसतात पो?’ एवढं मोडक्या तागालोगमध्ये विचारलं तरी बातांगासचं ते प्रसिद्ध ‘आला ए!’ ऐकू येतं आणि माणूस उठून उभा राहतो. पंदाय म्हणजे लोहार. ज्याच्याकडे मी बहुतेक वेळा जाते त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला जाहिरात नको आहे. साठीचा माणूस, बोटांना कायम पितळेचा हिरवट रंग. मुलगा इटलीत आहे. बातांगासच्या बऱ्याच घरांत कुणीतरी इटलीत असतंच. जवळच्या माबिनी गावाला तर लोक ‘छोटी इटली’ म्हणतात. कुयाच्या शेडमध्ये त्याचा भाचा आणि एक शेजारी काम करतात.

शेड म्हणजे काय? कोळशाची छोटी भट्टी, तिला जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची हवा जोडलेली. एक ऐरण, ती रेल्वेच्या रुळाचा तुकडा. वॉशिंग मशीनच्या मोटरवर घरीच जुळवलेला बेल्ट ग्राइंडर. एक ड्रिल. कानशींचा डबा, त्यातल्या निम्म्या झिजून गुळगुळीत झालेल्या. क्वालिटीवाल्याच्या नजरेने सेफ्टीला शून्य गुण: चष्मा नाही, चपला घालून काम, ग्राइंडरला झाकण नाही. मी एकदा कारखान्यातून जुने सेफ्टी चष्मे नेऊन दिले. ते आता भिंतीवर खिळ्याला छान टांगलेले आहेत.

पोलादावर मी जरा थांबणार आहे, कारण इथेच पैसे वाया जातात किंवा वसूल होतात. कुयाकडे दोन प्रकारचं पोलाद असतं. एक ‘मोल्ये’, म्हणजे जीपनीचा आणि ट्रकचा कमानपाटा. दुसरं बेअरिंगचं, मोठ्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा कापून, तापवून, सरळ करून घेतलेलं. कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीचे कोयते लोहार कमानपाट्यापासूनच करतात, त्यामुळे पहिलं ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. इथल्या गाड्या बहुतेक जपानी, त्यामुळे पाट्याचं पोलादही जपानी प्रमाणाचं निघतं. मँगनीज आणि क्रोमियम असलेलं, चिवट, सहजी न तुटणारं. बेअरिंगचं पोलाद म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत ईएन-३१: एक टक्का कार्बन, दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम. धार जास्त बारीक लागते आणि जास्त टिकते, पण पाणी पाजताना चुकलं तर पात्याला चीर जाते. कुया तापलेल्या पात्याचा रंग डोळ्यांनी बघतो आणि जुन्या इंजिन ऑइलमध्ये बुडवतो. त्यानंतर भट्टीच्या कडेला हलकं परत तापवतो, पात्यावर गवती पिवळा रंग चढेपर्यंत. थर्मोकपल वगैरे काही नाही.

माझ्या फाइलींनी काय सांगितलं? त्याच्या कमानपाट्याच्या पात्यावर पंचावन्नची घसरली, साठची चावली. म्हणजे मधे कुठेतरी, आणि खिशातल्या सुरीला तेच हवं. बेअरिंगवालीवर साठचीही जेमतेम ओरखडा काढून गेली. आमच्या कारखान्यातल्या संगणकावर चालणाऱ्या भट्टीचा माल कधीकधी याहून जास्त हलतो, हे मी आमच्या मॅनेजरला सांगितलेलं नाही. पात्याच्या टोकापाशी आणि बुडाशी मात्र फरक सापडतो. बुडाकडे तो मुद्दाम मऊ ठेवतो, कारण खिळींची भोकं तिथे असतात आणि कडक पोलाद भोकापाशी तडकतं. हे त्याला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, तुटलेल्या सुऱ्यांनी.

‘हे कुठलं पोलाद?’ हा प्रश्न दुकानात आणि शेडमध्ये दोन्हीकडे विचारा. दुकानात उत्तर ‘स्टेनलेस’ असं येतं. शेडमध्ये कुया कोपऱ्यातला गंजका पाटा दाखवतो आणि त्यातून किती पाती निघाली ते मोजून सांगतो.

आता मुठी. जुन्या पद्धतीत पितळेची चौकट असते आणि तिच्यात शिंग, हाड किंवा लाकडाच्या चकत्या बसवून पितळेच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. काराबाव म्हणजे इथली रेडे-म्हशीची जात. तिच्या शिंगाची मूठ माझ्या मते सगळ्यात चांगली. काळी, मधूनच मधाच्या रंगाची रेघ, घामट हातातही घसरत नाही. पण शिंग जिवंत राहतं: एसीच्या खोलीत महिनोन्‌महिने ठेवलं तर आकसतं आणि चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसते. थोडं खोबरेल चोळायचं. कीडही लागते, म्हणून बंद डब्यात वर्षानुवर्षं ठेवून विसरायचं नाही. हाडाची मूठ पांढरी, दिसायला सुंदर, हातात थंड. आणि कामागोंग. काळाभोर, दगडासारखं जड लाकूड, संग्राहकांचा जीव त्यात अडकलेला. या झाडाला फिलिपिन्सच्या कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ‘कामागोंग मॅम, स्पेशल’ असं कुणी कुजबुजलं तर मी लाकूड कुठून आलं ते विचारते. जुन्या घराची तुळई, मोडलेल्या पलंगाचा पाय, असं पटणारं उत्तर आलं तरच. नाहीतर शिंग आहेच.

व्हर्नियर लावलं तर दोन मुठींच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक निघतो. कारखान्यात हा भाग मी परत पाठवला असता. इथे नाही पाठवत, कारण तो फरक कुयाने हाताने झाकलेला असतो: जिथे मुठी एकमेकींना मिळतात तिथे कानस मारून दोन्हींची रेघ एक केलेली. बोट फिरवलं तर पायरी लागत नाही. यंत्राने केलेल्या वस्तूला लावतात ती मोजपट्टी इथे लावली तर सगळंच नापास होईल, आणि मोजपट्टी अजिबात न लावता ‘हाताने केलंय ना’ म्हणून काहीही उचललं तर फसाल. बघायचं ते एवढंच की त्या फरकाचा त्रास सुरीला होतो का.

सगळ्यात महत्त्वाच्या त्या दोन खिळी. बालिसोंग बरी की वाईट हे तिथेच ठरतं. पारंपरिक सुरीत स्क्रू नसतो. पितळेची किंवा पोलादाची पिन भोकातून घालतात, दोन्ही टोकांना हातोडीने ठोकून डोकं पसरवतात आणि घासून सपाट करतात. जुन्या चांगल्या अडकित्त्याची खीळ असते तशी: घट्टही हवी आणि फिरायलाही हवी, आणि हे दोन्ही एकाच ठोक्यात साधायचं. तपासायचं असं. सुरी उघडून दोन्ही मुठी एकत्र धरा आणि पात्याचं टोक दुसऱ्या हाताने, कापडात धरून, डावी-उजवीकडे हलवा. किंचित लवचीकपणा ठीक, ‘टक-टक’ आवाज नको. मग मिटा आणि उजेडासमोर धरा. पातं मधोमध आहे का, धार कुठे मुठीला टेकते का ते बघा. टेकत असेल तर प्रत्येक मिटण्याबरोबर ती स्वतःलाच बोथट करणार. एक मूठ लोंबकळती सोडून हळूच हलवा. आपल्या वजनाने खाली यायला हवी, अडखळत नव्हे. शेवटी कडी बघायची. लावल्यावर तिच्यावर जोर नको, आणि सैल सोडून सुरी फिरवली तरी कडीने धारेला धडकता कामा नये. या शेवटच्या परीक्षेत हायवेवरच्या निम्म्याहून जास्त बाद होतात.

हे सगळं मी कुयासमोर करते. पहिल्यांदा तो बघत राहिला, मग त्याने माझ्या हातातून सुरी घेतली, ऐरणीवर पिनवर एक हलका ठोका मारला आणि परत दिली. खेळ गेला होता. एक ठोका!

इंटरनेटवर फिरवण्याची कला दाखवणारी जी तरुण मंडळी आहेत त्यांचं ताआलच्या सुरीबद्दल मत फारसं चांगलं नाही. तोल बरोबर नाही, बेअरिंग नाहीत, स्क्रू नाहीत, मुठी जड. तक्रार खरी आहे, पण ती सुरी वेगळी. टायटॅनियमच्या मुठी आणि बुशिंगवाली सुरी तासन्‌तास हवेत फिरवायला बनवलेली असते, आणि तिची किंमत कुयाच्या महिन्याच्या कमाईशी स्पर्धा करते. काही कारागीर आता मागणी बघून स्क्रूवाल्या सुऱ्याही करायला लागले आहेत, ट्रेनरही, म्हणजे धार नसलेलं भोकाभोकांचं पातं. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी तेच घ्यावं आणि बोटं वाचवावीत. पण ताआलला येऊन अमेरिकन सुरीची नक्कल कशाला घ्यायची, हे मला कळत नाही.

मापाबद्दल एक गोष्ट. मोठ्या सुरीला इथे ‘बेंते-नुवेबे’ म्हणजे एकोणतीस म्हणतात. का, याची प्रत्येकाकडे वेगळी कथा: कुणी म्हणतं उघडल्यावर एकोणतीस सेंटिमीटर, कुणी म्हणतं एकाच सुरीने एकोणतीस जणांना लोळवलं. माझी उघडून मोजली तर साडेअठ्ठावीस भरली. कथांपेक्षा माप जवळचं निघालं. माझ्या हाताला याहून छोटी बरी पडते, बोटभर पात्याची. बायकांचे हात लहान म्हणून छोटीच घ्या असं मात्र दुकानदाराने सांगितलं तर ऐकू नका. दोन्ही धरून बघा.

पात्याचे आकारही बरेच. साधं भाल्यासारखं टोक, अमेरिकन शिकारी चाकूसारखं बोवी, वळणावळणाचं क्रिस, जपानी कट्यारीसारखं टांटो. क्रिस दिसायला देखणं, पण त्याला परत धार लावताना रडू येतं. रोज वापरायची असेल तर साधं पातं.

किंमत आणि घासाघीस. कमानपाट्याचं पातं आणि शिंगाची मूठ अशी सुरी शेडमध्ये साधारण अठराशे ते अडीच हजार पेसोला मिळते. बेअरिंगचं पोलाद, जास्त पितळकाम, ठरवून घेतलेला आकार असं काही असेल तर चार हजार आणि वर. हायवेवर दर पाडून मागा, ते धरूनच सांगितलेले असतात. शेडमध्ये मी घासाघीस करत नाही. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी बाई आहे मी, त्यामुळे हे तत्त्वज्ञान नव्हे, हिशोब आहे. एका चांगल्या सुरीत त्याचे दोन-तीन दिवस जातात. पाचशे कमी केले तर तो पाचशेचं काम कमी करेल, आणि ते नेमकं पिनेत कमी होईल, जिथे मला दिसणार नाही. त्यापेक्षा मी पूर्ण पैसे देते आणि दोन गोष्टी मागते: मुठीच्या आतल्या बाजूला त्याचा शिक्का आणि वर्ष ठोकून द्यायचं, आणि हाताने लिहिलेली का होईना, पावती.

पावती का, ते सांगते. फिलिपिन्समध्ये सुरी विकत घेणं आणि घरात ठेवणं चालतं. खिशात घालून हिंडणं चालत नाही. १९७२च्या अध्यक्षीय हुकूम क्रमांक ९ पासून घराबाहेर धारदार हत्यार बाळगणं गुन्हा आहे, आणि त्यात बालिसोंगचं नाव घेऊनच लिहिलं आहे. १९७८च्या बातास पांबान्सा ६ ने शिक्षा कमी केली, पण गुन्हा तसाच राहिला. पोटापाण्याच्या किंवा दुसऱ्या कायदेशीर कामासाठी अवजार म्हणून वापरत असाल तरच सूट. म्हणजे ज्या गावात ती बनते त्या गावातच ती खिशात ठेवता येत नाही. मी शेडमधून निघताना ती कागदात गुंडाळून, दोरीने बांधून, पावतीसकट डिकीत ठेवते आणि वाटेत कुठेही मॉलला थांबत नाही. बसने जाणाऱ्यांनी टर्मिनलवर बॅगा तपासतात हे लक्षात ठेवावं. त्यांनी कुरिअरने घरी पाठवता येईल का ते दुकानदाराला विचारावं.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणाला ‘येताना एक आण ना’ म्हणायचा मोह झाला तर आवरा. ब्रिटनमध्ये १९८८ पासून तिची विक्री बंद आहे आणि २०२१ पासून घरात ठेवणंही. जर्मनीत २००३ पासून बंदी. कॅनडात बंदी, ऑस्ट्रेलियात आयातीला बंदी. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात दोन इंच किंवा त्याहून मोठं पातं असलं की खटक्याच्या चाकूसारखंच धरतात. भारतात माझ्या सुऱ्यांपैकी एकही आणलेली नाही आणि आणणार नाही. मुंबई विमानतळावर कस्टमच्या साहेबांना काराबावच्या शिंगाचं सौंदर्य समजावत बसायची माझी तयारी नाही. आईला फोटो पाठवते. तिचं म्हणणं, एवढे पैसे घालून भाजी चिरायला तरी वापर.

वापरते की. इथे कैरी मीठ लावून नाहीतर बागूओंगबरोबर, म्हणजे कोळंबीच्या खारट चटणीबरोबर खातात, आणि त्या कैऱ्या मी बालिसोंगनेच चिरते. पातं कार्बनचं, त्यामुळे कैरीच्या आंबटपणाने करडं-निळसर पडतं. पडू द्या, तो थर उलट गंज अडवतो. लगेच पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, पात्यावर आणि दोन्ही खिळींवर. इथली हवा इतकी दमट की पावसाळ्यात आठवडाभर विसरलं तर लाल ठिपके येतात. पितळेला मात्र पितांबरी लावू नका. मी कोल्हापूरहून खास आणली होती देवाच्या भांड्यांसाठी. एका मुठीवर थोडी लावून पाहिली तर चकाकी आली खरी, पण शिंगाच्या सांध्यांत पांढरी पूड बसली ती टाचणीने काढावी लागली. हातांनी काळवंडलेलं पितळच बरं दिसतं.

गावात गेलातच तर सकाळ शेडमध्ये आणि दुपार गावात घालवा. सान मार्तिन दे तूर्सची बॅसिलिका प्रचंड आहे, आशियातल्या सगळ्यात मोठ्या चर्चमध्ये तिची गणना होते. मार्सेला आगोंसिलो यांचं घर बघा. फिलिपिन्सचा पहिला झेंडा १८९८ मध्ये हाँगकाँगला शिवला तो त्यांनी. बाजारात ताआलची लसूणवाली लोंगानीसा, म्हणजे सॉसेज, आणि तापा, म्हणजे मुरवलेलं मांस, घ्या, आणि वरून कापेंग बाराको, म्हणजे लिबेरिका जातीची कडक काळी कॉफी. हाताने भरतकाम केलेले बारोंगचे शर्टही इथलेच. नवऱ्यासाठी एक घेतला, त्याच्या किमतीत दोन बालिसोंग आल्या असत्या. त्याला हे सांगितलं आहे.

गुण द्यायचेच तर हायवेवरच्या दुकानांना पाचपैकी दोन, तेही पार्किंगला जागा आणि वागायला गोड म्हणून. कुयाच्या शेडला साडेचार. अर्धा कापला तो तारखांसाठी. ‘पुढच्या रविवारी पो’ म्हणजे नेमका कोणता रविवार ते तोही सांगू शकत नाही. कधी वीज नसते, कधी पितळ आलेलं नसतं, कधी गावची फिएस्ता, म्हणजे जत्रा. म्हणून जाण्याआधी मेसेज टाका, अर्धे पैसे आगाऊ द्या, आणि पोलाद, मुठीचा जिन्नस, पात्याची लांबी हे कागदावर चित्र काढून द्या. तोंडी सांगितलेलं ‘जरा लांब’ त्याच्या आणि तुमच्या डोक्यात एकच नसतं. सध्या माझी एक ऑर्डर त्याच्याकडे पडून आहे: बेअरिंगचं साधं पातं, चार इंच, शिंगाच्या मुठी, कडीऐवजी नुसती खाच. कडी नको म्हटल्यावर त्याने दोनदा विचारलं, मग कागदावर माझ्या चित्रातली कडी स्वतःच खोडली आणि किमतीतून पन्नास पेसो वजा केले.